गेलेल्या डॉक्टरांचा आवाज

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. परळच्या डॉक्टरांचं मात्र जसंच्या तसं आठवतं.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. जवळच्या चाळीतला एक गृहस्थ पोलीस ठाण्यात आला. त्याच्या सत्तरीतल्या आईने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि तिच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

"डॉक्टरांनीच बंद करायला सांगितल्या म्हणते, साहेब."

"मग डॉक्टरांकडे जा. इथे कशाला?"

"डॉक्टरांना जाऊन वर्ष होत आलं."

मी त्याच्याबरोबर गेलो. आजींनी मोबाईल पुढे धरला. पडद्यावर त्यांचे डॉक्टर नेहमीच्या खुर्चीत बसून बोलत होते. "त्या गोळ्या पुरे झाल्या आता. हे चूर्ण सुरू करा." खाली बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलं होतं, म्हणजे पैसे घेऊन दाखवलेली जाहिरात.

"आजी, तुम्ही त्यांचं अंत्यदर्शन घेतलंत ना?"

"घेतलं की. म्हणून काय झालं? गेले तरी आमची काळजी नाय सोडली त्यांनी. आणि खोटं असतं तर एवढी मोठी व्हिडिओवाली कंपनी दाखवेल काय?"

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तालुक्याच्या शाळेत छापील ते खरं मानूनच मी शिकलो, आणि त्याचे माझ्यावर उपकार आहेत. आजींचा विश्वास त्याच जातीचा होता.

ही जाहिरात माझ्या मोबाईलवर दिसेना. ठाण्यातल्या कुणाच्याच मोबाईलवर दिसेना. ती त्या भागातल्या म्हाताऱ्यांनाच दाखवत असणार. शेवटी आम्ही एका मोबाईलवर सत्तर वर्षांच्या बाईचं खातं उघडलं, तो घेऊन त्याच चाळीत गेलो आणि दोन पंचांना बोलावलं. आजी ऐकत तशी भजनं लावून बसलो. वीसेक मिनिटांनी भजन मधेच थांबलं आणि डॉक्टर आले. एक पंच भाजीवाला होता, त्यांचा जुना पेशंट. त्याने चटकन पाय खाली घेतले आणि हात जोडले. पंचनाम्यात मी एवढंच लिहिलं, 'पंचांनी आवाज ओळखला.'

व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार केली. काही मिनिटांत उत्तर आलं: जाहिरात तपासली, ती आमच्या धोरणाचं उल्लंघन करत नाही. खाली कुणाचं नाव नव्हतं. मग मृत्यूचा दाखला जोडून रीतसर पत्र पाठवलं. उत्तराची वाट पाहत होतो, तोवर डॉक्टर रोज बोलतच होते.

त्यांचा आवाज बाहेर गेला कसा, हा प्रश्न होता. मी त्यांच्या कंपाउंडरला बोलावलं. तीस वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा झटपट बोलतो आणि शरमलेला माणूस पाणी मागतो. याने तीनदा पाणी मागितलं.

"दवाखान्याचा मोबाईल माझ्याकडेच आहे, साहेब. लॉकडाऊनमध्ये डॉक्टर पेशंटना आवाजात निरोप पाठवायचे. ते गेल्यावरही लोकांचे मेसेज थांबेनात. धडधडतंय, झोप नाही, काय करू? मी त्यांचाच एखादा जुना निरोप पाठवायचो. 'घाबरू नका. जवळच्या इस्पितळात दाखवा.' लोकांना बरं वाटायचं."

"गेलेला माणूस उत्तर देतो, हे कुणाला खटकलं नाही?"

"एकानेही विचारलं नाही, साहेब."

पुढचं त्याने खाली बघत सांगितलं.

मग डॉक्टरांवर स्मृतिचित्रफीत करतो म्हणून एक माणूस त्याच्याकडे आला आणि सगळे निरोप आणि फोटो घेऊन गेला. त्याच्या नंबरावरून आम्ही भायखळ्याच्या एका खोलीत पोहोचलो. त्याच्या संगणकात आणखी सहा बनावट बोलते चेहरे तयार होते. कुणी शिक्षक, कुणी कीर्तनकार. सगळे वारलेले. त्याला अटक झाल्यावर कंपनीने जाहिरात काढली. ठाण्याच्या दारातला शिपाईसुद्धा आत येणाऱ्याला, कोण तुम्ही, असं विचारतो. तेवढंही जाहिरात देणाऱ्याला कंपनीत कुणी विचारलं नव्हतं.

तरी आजी गोळी घेईनात. साखर उतरली नाही तर पाऊल जाईल, असं इस्पितळातून बजावलं होतं. मी कंपाउंडरला घेऊन गेलो.

"आजी, ते डॉक्टर नव्हते. त्यांचा आवाज चोरला होता."

"आणि दिवाळीला माझ्याशी बोलले ते?"

"तो निरोप मी पाठवला."

आजी त्याच्याकडे वळल्या. "म्हणजे वर्षभर तू मला मेलेल्याशी बोलायला लावलंस, मेल्या?" मग हात पुढे केला. "आण ती गोळी."

अंगठा गेला, पाऊल वाचलं.

इस्पितळातून घरी आल्यावर आजींनी कंपाउंडरला डॉक्टरांचा एक खरा निरोप ऐकवायला सांगितला. त्याने लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. "हा तरी खरा कशावरून?"

मी निरोपाची तारीख दाखवली, डॉक्टर हयात असतानाची. त्यांनी मोबाईल उलटा करून बाजूला ठेवला.

चोरीचा माल सापडला की पोलीस तो मालकाला परत देतात. नोकरीभर मी तेच करत आलो. या प्रकरणात आरोपी सापडला, आवाज सापडला, तो हुडकून मी आजींच्या हातात ठेवला. पण त्यांना तो आपला वाटेना. विश्वास चोरीला गेला तर पोलिसालाही तो परत देता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.