चांदोरकरांची सॉ मिल

मोरेश्वर चांदोरकरांनी अमेरिकेत एकतीस वर्षं इंजिनिअर म्हणून नोकरी केली आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हाताला कधी ग्रीस लागलं नाही. सांगलीहून निघाले तेव्हाही हात स्वच्छ होते आणि २००२ साली कंपनीने केक कापून निरोप दिला तेव्हाही. मशीनची ड्रॉइंगं तपासायची, चूक सापडली की लाल पेन्सिलने गोल करायचा, नाही सापडली तर नाइलाजाने सही करायची, हे त्यांचं काम. मशीन प्रत्यक्ष बनवणारे लोक खालच्या मजल्यावर असत. त्यांच्याबद्दल मोरेश्वरांना मनातून हेवा वाटायचा, पण तो त्यांनी कधी कुणाला कळू दिला नाही. वरच्या मजल्यावरच्या माणसाने असं काही वाटून घ्यायचं नसतं.

रिटायर झालेल्या मराठी माणसाने काय करावं, याबद्दल बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत फारसे मतभेद नव्हते. सकाळी मॉलमध्ये फेऱ्या माराव्यात, मराठी मंडळाच्या घटनेत दुरुस्त्या सुचवाव्यात, अलास्काची क्रूझ करावी आणि शेवटी मुलांकडे जाऊन नातवंडांना स्विमिंगला नेऊन आणावं. मोरेश्वरांनी मात्र सॉ मिल घेतली. लोखंडी रुळांवर सरकणारं इंजिन, त्याला फिरणारं पट्टीचं दातेरी पातं, आणि खाली ओंडका आडवा ठेवायला चौकट. ट्रकवाला मागच्या अंगणात ते धूड उतरवून गेला, तेव्हा त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या बाईचं न बोलणं काय असतं, ते ज्याचं त्याला माहीत.

मंडळात बातमी पोचायला एक हळदीकुंकू पुरलं. बायकांनी मृणालिनीबाईंची विचारपूस एखाद्याच्या घरी आजारी माणूस असल्यासारखी केली. पुरुषांनी ‘हॉबी आहे का?’ असं विचारलं. हॉबी म्हटलं की सगळं माफ असतं. पण मोरेश्वर म्हणाले, ‘‘हॉबी कसली, काम आहे.’’ तेव्हा मंडळी जरा चपापली. एवढं शिकून, सिटिझन होऊन, शेवटी लाकडं कापायची? निवृत्त हार्ट सर्जन डॉक्टर प्रताप राजाध्यक्ष तर म्हणाले, ‘‘मोरेश्वर, यार, तुला डिप्रेशन वगैरे तर नाही ना? लाज बाळगू नकोस, मी नाव सजेस्ट करतो.’’

डिप्रेशन नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की मोरेश्वरांना भीती वाटत होती. त्यांची एकुलती एक मुलगी अंतरा देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला राहायची. तिला नोकरी, नवऱ्याला नोकरी, आणि चार वर्षांची देवयानी. दर रविवारी फोन यायचा. ‘‘बाबा, सिरियसली, त्या स्नोमध्ये तुम्ही दोघं काय करताय? हाउस सेल करा ना. आमची बेसमेंट पूर्ण फिनिश केलीय, सेपरेट बाथरूम आहे.’’ मृणालिनीबाईंना जायचं होतं. नात वाढत होती आणि फोनवर ‘हाय आजी, बाय आजी’ यापलीकडे बोलत नव्हती, याचं त्यांना फार वाईट वाटे. मोरेश्वरांना मात्र स्वतःचं चित्र दिसायचं: जावयाच्या सोफ्यावर, जावयाचा रिमोट हातात न घेता बसलेला एक म्हातारा, ज्याची ओळख करून देताना लोक ‘अंतराचे बाबा’ एवढंच म्हणतात.

२००३च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील, वादळ आलं आणि अंगणातला मेपल मुळासकट आडवा झाला. घर घेतल्यापासूनचं झाड. दोघांना वाईट वाटलं. पण मोरेश्वरांना तिसऱ्या दिवशी त्यात मार्ग दिसला. त्यांनी जाहीर केलं, ‘‘या झाडाचं आपण जेवणाचं टेबल करू. अंतराकडे घेऊन जाऊ. टेबल झालं की घर विकायचं आणि निघायचं. शब्द देतो.’’

मृणालिनीबाईंनी लगेच मुलीला कळवलं. त्यांना काय माहीत की ओली फळी कापल्याबरोबर टेबल होत नसतं. लाकूड सावलीत रचून वाळवावं लागतं, आणि त्याचा ढोबळ हिशेब असा की एक इंच जाडीला एक वर्ष. मोरेश्वरांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मनाशी तीन इंची फळ्या ठरवल्या होत्या. तीन इंचाचं टेबल कुणी करत नाही. त्यावर जेवायचं सोडून हत्ती उभा करता येईल. पण तीन इंच म्हणजे तीन वर्षं. तीन वर्षांत काय काय होऊ शकतं. जावयाची बदली बॉस्टनला होऊ शकते.

मृणालिनीबाईंनीही एक अट घातली. त्यासाठी घेतलेल्या मिलबरोबर तीन पाती आली होती. ‘‘ही तीन संपली की चौथं आणायचं नाही. तेवढ्यात टेबलाची लाकडं निघाली तर निघाली. नाहीतर हे धूड विकायचं आणि टेबलाशिवाय जायचं.’’ मोरेश्वर हसून ‘बरं’ म्हणाले. एक पातं शेकडो फूट लाकूड कापतं, असं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं.

जानेवारी उजाडला तो हाडं फोडणारी थंडी घेऊन. पारा सकाळी शून्य फॅरनहाइटच्या आसपास. अशा थंडीत इंजिनची बॅटरी बाहेर ठेवली की सकाळी मेलेली मिळते, म्हणून मोरेश्वर ती रोज संध्याकाळी घरात आणायचे आणि देव्हाऱ्याशेजारच्या हीटरजवळ ठेवायचे. सकाळी मृणालिनीबाई देवांना फुलं वाहताना बॅटरीला वळसा घालून जात. पात्यावर थेंब थेंब पाणी पडावं लागतं, नाहीतर ते चिकानं भरतं. पण पाणी गोठायचं. मग मोरेश्वरांनी टाकीत गाडीच्या काचेवर मारायचं निळं द्रावण भरलं. दोन स्वेटर, त्यावर जॅकेट, कानटोपी, त्यावर हेल्मेट, पायात बर्फाचे बूट. गोठलेला ओंडका म्हणजे दगडच. इंजिन धडधडलं, पातं आत शिरलं, आणि पांढऱ्या बर्फावर पिवळा भुसा पडायला लागला. पडल्याबरोबर तो फळीवर गोठायचा, लगेच खरवडून काढावा लागायचा. नाक गळत होतं, बोटं बधिर झाली होती, आणि मोरेश्वर चांदोरकर आयुष्यात पहिल्यांदा खालच्या मजल्यावर आले होते. इतका आनंद त्यांना प्रमोशनलाही झाला नव्हता.

सहा फूट झकास कापलं आणि मग कर्रर्र असा आवाज येऊन पात्याचे दात झडले.

‘‘मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट,’’ मोरेश्वर आत येऊन म्हणाले. मृणालिनीबाईंनी फक्त ‘एक’ म्हटलं.

दुसरं पातं त्यांनी शनिवारी चढवलं, कारण शनिवारी मंडळाच्या सात-आठ लोकांना त्यांनी बघायला बोलावलं होतं. हा उत्साह महागात पडणार, हे कुणीही सांगितलं असतं. मंडळी थर्मासमधून चहा आणि डब्यातून चिवडा घेऊन आली आणि अर्धवर्तुळ करून उभी राहिली. मराठी माणूस दुसऱ्याचं काम बघायला उभा राहिला की त्याला त्या कामातलं आपोआप कळायला लागतं. ओंडका उलटा ठेवायला हवा होता, असं एकाचं मत पडलं. स्पीड कमी कर, असं दुसऱ्याचं. एका तरुण जोडप्याने, काका, सेफ्टी गॉगल कुठेत, असं विचारलं आणि ते कपाळावर निघाले. इंजिन सुरू झाल्यावर सगळे गप्प झाले. एक फूट, दोन फूट, पाच फूट. कुणीतरी टाळी वाजवली. सहा फुटांवर कर्रर्र.

‘‘कॅल्सिफिकेशन,’’ डॉक्टर प्रताप म्हणाले. ‘‘आय मीन, नॉट, लाकडातली गाठ असणार. मी स्कॅन केल्याशिवाय कधी ओपन केलं नाही, यार. मेटल डिटेक्टर फिरवला होतास का?’’

‘‘घरचं झाड आहे,’’ मोरेश्वर म्हणाले. ‘‘मला याचा पंचवीस वर्षांचा इतिहास पाठ आहे. गोठल्यामुळे होतंय हे.’’

मंडळी उरलेला चिवडा तिथेच ठेवून गेली. मृणालिनीबाई खिडकीतून ‘दोन’ म्हणाल्या नाहीत, पण मोरेश्वरांना ऐकू आलं.

रविवारी ते एकटेच अंगणात गेले. शेवटचं पातं चढवलं, ताण दिला, आणि इंजिनची किल्ली फिरवण्याआधी, का कोण जाणे, अर्धवट कापलेली फळी उचलून बघितली. सहा फुटांवर लाकडात निळसर काळा डाग होता आणि डागाच्या मधोमध कापलेल्या खिळ्याचं चकचकीत तोंड. त्याच्या शेजारी दुसरं.

खिळे त्यांचेच होते. दर दिवाळीला आकाशकंदील त्या मेपलवर लागायचा आणि दर दिवाळीला मोरेश्वर नवा खिळा ठोकायचे. मागचा खिळा गंजला असणार, त्याची ताकद कमी झाली असणार, त्यावर इंजिनिअर माणूस विसंबून राहत नाही. तो जुना खिळा ते हातोडीने पार आत घालायचे. खालून शिडी धरलेल्या मृणालिनीबाई दर वर्षी म्हणायच्या, ‘‘अहो, उपटून काढा ना तो.’’ आणि मोरेश्वर वरून सांगायचे की त्याने झाडाला भोक राहतं. पंचवीस दिवाळ्या, पंचवीस खिळे.

हे ते विसरले नव्हते. उलट त्यांनी त्याचा विचार करून ठेवला होता. आपण शिडीच्या वरच्या टोकावर उभे राहून खिळा ठोकतो, म्हणजे खिळे जमिनीपासून साडेदहा-अकरा फुटांवर असणार, असा त्यांचा हिशेब; म्हणून झाड पडल्यावर त्यांनी नऊ फुटांवर कापून ओंडका घेतला आणि वरचा भाग सरपणात टाकला. तपासून, सही करून. मग हे खिळे खाली कसे आले? झाड खाली सरकत नाही. मोरेश्वर थंडीत दहा मिनिटं उभे राहिले. शिडीखाली उभं राहून ते सगळं पाहणारी एकच व्यक्ती जगात होती. तिला विचारण्यापेक्षा पातं मोडलेलं परवडलं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. पण ते शेवटचं होतं.

ते दारात आले. बूट न काढता उंबऱ्यावरच उभे राहिले.

‘‘ऐकतेस का? मी दिवाळीला शिडीच्या कितव्या पायरीवर चढायचो?’’

मृणालिनीबाई कणीक मळत होत्या. ‘‘दुसऱ्या.’’

‘‘दुसऱ्या? काहीतरीच. मी टोकाला जायचो.’’

‘‘तिसरीवर पाय ठेवला की तुमची पोटरी थरथरायची. मी हातात धरलेली असायची ना शिडी, मला कळायचं. पहिल्या वर्षीच तुम्ही म्हणालात, इथूनच चांगला दिसतो कंदील. मग दर वर्षी तिथेच.’’

‘‘पंचवीस वर्षं तू बोलली नाहीस कधी.’’

‘‘तुम्ही खाली उतरून अंतराला सांगायचात, बघ बाबा केवढ्या उंचावर गेला होता. त्यात मी काय बोलणार?’’

लाल पेन्सिलने जगाच्या चुका गोल करत आलेल्या माणसाला स्वतःभोवती गोल काढायची वेळ आली की हात वळत नाही. तरी ते म्हणाले, ‘‘माझं चुकलं. तू काढ म्हणत होतीस ते खिळे काढायला हवे होते.’’ चौतीस वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं, आणि ते उंबऱ्यावर, हेल्मेट घालून.

मृणालिनीबाईंनी हात धुतले. साडीवर त्यांचा गुडघ्यापर्यंतचा कोट चढवला, बूट घातले, गॅरेजमधून शिडी ओढत आणली आणि ओंडक्याशेजारी बर्फात उभी केली. मोरेश्वर दुसऱ्या पायरीवर चढले आणि दिवाळीत करायचे तसा हात पुढे केला. बाईंनी मोजपट्टीने जमिनीपासून त्या हातापर्यंतची उंची घेतली, ओंडका कापताना बुंध्याशी सोडलेला फूटभर वजा केला, ओंडक्यावर खडूने एक रेघ मारली आणि खबरदारी म्हणून आणखी वीतभर अलीकडे दुसरी. ‘‘इथून पुढचं सगळं काढून टाका. अलीकडचं स्वच्छ आहे.’’ वरच्या मजल्यावरच्या कुठल्याही माणसाने इतकं नेमकं ड्रॉइंग दिलं नसतं.

मोरेश्वरांनी चेनसॉने टोकाकडचा भाग उडवला. सहा फुटांना थोडासा कमी, स्वच्छ ओंडका उरला. टेबलाला पुरेसा. आता पात्याची उंची लावायची होती. त्यांनी चौकटीचं हँडल फिरवून जाडीचा काटा तीनवर आणला आणि तिथेच थांबले, कारण आज त्यांच्याकडून खोटं होईना.

‘‘मृणाल, हे वाळायला वेळ लागतो. इंचाला एक वर्ष. मी तीन इंच लावणार होतो.’’

मृणालिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांना राग आला होता, आणि तो खरा होता. देवयानी तीन वर्षांत सात वर्षांची झाली असती.

‘‘टेबलाला किती लागतं?’’

‘‘एक.’’

‘‘बाजूला व्हा,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी हातमोजे घातलेल्या हातांनी हँडल धरलं आणि स्वतः फिरवलं. काटा तीनवरून खाली आला, दोनवर आला, एकवर आला. सगळं अंगण, गॅरेज, पंचवीस वर्षं त्या एका इंचात मावली होती आणि मोरेश्वरांना रडू येत होतं. थंडीत डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे त्यांनी ते लपवलं नाही.

मृणालिनीबाई हँडलवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते उलटं फिरवायला सुरुवात केली, सावकाश, आणि काटा दोनवर आल्यावर थांबल्या.

‘‘अंतराला मी एकच वर्ष सांगणार आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढचं पुढे बघू. लावा इंजिन, माझे पाय गोठलेत.’’