भट्टी गार झाली तेव्हा

सौरघटासाठी मी तांबे, जस्त, कथील आणि गंधकाचे नॅनोकण बनवत होतो. ते काचेवर पसरून भट्टीत तापवले की एकमेकांना जुडून मोठे होतात, आणि मगच त्या पातळ थरातून नीट वीज वाहते. ताप कमी पडला तर कण सुटेच राहतात.

प्रयोगशाळेचे सर म्हणाले होते, "या काचेवर वीज मिळाली तर तुला प्रकल्पात मानधनावर ठेवून घेतो." नाही मिळाली तर मला आईबरोबर ऊसतोडीला जायचं होतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. वडिलांचा खांदा निकामी झाल्यापासून आईचा अर्धाच कोयता उरला होता, आणि अर्धा कोयता मुकादम नेत नाही. टोळी सोमवारी निघणार होती.

शनिवारी दुपारी भट्टी अर्धी तापली आणि वीज गेली. मी भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावून बसलो. वीज परतेपर्यंत पत्रा गार झाला होता. अर्धवट तापून गार झालेला थर पुन्हा तापवून उपयोग नसतो, आणि नवे कण बनवायला आठवडा लागला असता. तरी काच दिव्याखाली धरून मीटर जोडला. शून्यच दिसत राहिलं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"झालं का रं तुझं?"

"न्हाई. मधीच लाईट गेली."

"एवढं शिकून लाईटीचीच वाट बघायची व्हय?" ती हसली. मग तिनं विचारलं, "मंग गाडीत तुझी जागा धरू?"

"धर," मी म्हणालो. मीटर अजून जोडलेलाच होता.