चिंध्यांत गेलेल्या पट्ट्या

आमच्या भिवंडीत कापडाचा तुकडा म्हणून वाया जात नाही. मागावर तेल सांडलं की कारागीर न बघता हात मागे करतो आणि त्या हाताला चिंधी लागतेच. ती चिंधी विकायला वेगळी गल्ली, निवडायला वेगळी माणसं. पांढरी वेगळी, रंगीत वेगळी, जाड वेगळी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते कुणी मुद्दाम केलं असं मला आजही म्हणता येत नाही. भिवंडीतल्या कुणीही तेच केलं असतं.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, मागावर कामाला होते, ते छातीच्या दुखण्यानं घरी बसले. निजामपुऱ्याच्या जरा बाहेर कापड तपासायचं एक केंद्र होतं, तिथे मी झाडायला लागले. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला मी शिकले ते वाण्याच्या पुड्यांवर, आणि मग त्या केंद्रातल्या चिठ्ठ्यांवर.

तिथल्या प्रयोगशाळेच्या बाई माझ्याहून लहान. बोलायला गोड, पण कामाला अशा चिवट की जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच घरी न्यायच्या. मी एकदा झाडता झाडता पदराचा सुटलेला दोरा ओढून काढला, तो त्यांनी बघितला. म्हणाल्या, ताई, झाडू ठेवा आणि इकडे या. तेव्हापासून माझ्याकडे पट्ट्यांचं काम आलं.

काम असं. कापडाची लांब पट्टी कापायची, दोन्ही कडांचे उभे दोरे सुईनं एकेक करून काढायचे, मधे ठरल्या रुंदीचं कापड ठेवायचं. कडेला झालर राहायची. मग ती पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ओढायची. काटा चढत जायचा, पट्टी फट्‌ करून तुटायची, काटा जिथे थांबला तो आकडा बाई लिहायच्या.

पण बाईंचा खरा जीव होता तो मागच्या खोलीतल्या कपाटात. विणण्याआधी सुताला खळ देतात, आमच्याकडे त्याला सायझिंग म्हणतात. पूर्वी पिठाची खळ असायची, मग नव्या पावडरी आल्या. कुठल्या खळीचं कापड गोदामात पडून कुजतं, यावरून तेव्हा रोज भांडणं. व्यापारी माल परत पाठवायचा, शेठ कारागिराच्या मजुरीतून कापायचा. आमच्या मालकांचीही कापली होती. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तेवढी वर्षं थांबून बघतो कोण?

बाई थांबल्या. एकाच सुताचं कापड, खळी मात्र वेगवेगळ्या, अशा सगळ्यांच्या पट्ट्या त्यांनी एकदमच कापून घेतल्या. बहुतेक माझ्याच हातच्या. मग दर वर्षासाठी एक गठ्ठा बांधून कपाटात ठेवला, प्रत्येक पट्टीला नंबराची चिठ्ठी. पावसाळा सरला की त्या वर्षाचा गठ्ठा सोडायचा आणि तोडायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. मी एकदा कसर लागेल म्हणून कडुलिंबाचा पाला घेऊन गेले, तर बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, गोदामात कुणी घालतं का पाला? मग यांनाही चैन नाही करायची.

आणि एकदा म्हणाल्या, "ताई, एका पट्टीला एकदाच विचारता येतं. तुटताना ती सांगते तेवढंच."

मधेच बाईंची बदली झाली, लांब, मुख्य कचेरीत. तरी दसऱ्याच्या सुमाराला त्या येणार म्हणजे येणारच. पिशवीत माझ्यासाठी एक खायची पुडी, मालकांच्या खोकल्यासाठी काहीतरी. मी नंबर वाचायचा, यंत्र ओढायचं, त्यांनी लिहायचं. पहिली काही वर्षं सगळ्या खळी सारख्याच. बाईंचे वरचे लोक म्हणे थट्टा करायचे, चिंध्या तोडून झाल्या का म्हणून. त्यांनी वरची जागासुद्धा घेतली नाही, घेतली असती तर हे सुटलं असतं. मग शेवटी शेवटी आकडे वेगळे व्हायला लागले. एका नव्या पावडरीचं कापड लवकर तुटायला लागलं. बाई मात्र घाई करेनात. अजून नक्की म्हणता येत नाही, एक गठ्ठा उरलाय, तो बोलला की मग छापायचं. जाताना कपाटाला कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं आणि मला म्हणाल्या, लक्ष असू द्या हं.

पुढच्याच पावसाळ्यात केंद्र बंद करून ठाण्याच्या बाजूला न्यायचं ठरलं. मला ते ठाऊक नव्हतं. मी खारबावला, माहेरी, आई शेवटच्या दुखण्यात होती. तिचं सगळं उरकून परत आले तर मागची खोली रिकामी. भिंतीवर कपाटाएवढा चौकोन तेवढा पांढरा राहिलेला.

केंद्राचे साहेब नवे होते, भला माणूस. त्यांना वरून हुकूम होता की सगळ्या नोंदी जपून आणाव्यात. त्यांनी स्वतः उभं राहून प्रत्येक फाईल, प्रत्येक रजिस्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, पत्र्याच्या पेटीत भरलं. एका कागदाला पाणी लागू दिलं नाही. मी विचारलं, कपाटातल्या पट्ट्या? ते आठवत राहिले. मग म्हणाले, "त्या चिंध्या? त्या कपाटाबरोबरच भंगारात गेल्या की. नोंदी सगळ्या आहेत, मावशी, काळजी करू नका."

मी तशीच चिंधी गल्लीत गेले. तिथे एक म्हातारे चाचा बसायचे, तीन पिढ्या तोच धंदा. मी झालरीची पट्टी म्हटल्याबरोबर त्यांना आठवलं. म्हणाले, "हां बहन, कोरा माल. हात लावला की कळतं. तो गोणीत ठेवायची पाळीच नाही आली, आला तसा कारखान्यांत गेला." मी कशाच्या होत्या ते सांगितलं. ते मग उठले, मुलाला दुकानावर बसवलं आणि माझ्याबरोबर कारखान्या-कारखान्यात फिरले, त्या वयात, त्या चिखलात. प्रत्येक ठिकाणी चाचाच बोलायचे, मला तोंड उघडू द्यायचे नाहीत. लूमच्या धडधडीत ओरडून विचारायचं, कारागिरानं खिशातली चिंधी काढून दाखवायची. एकानं तर माझ्यासमोरच तेलाचा हात पुसला, आणि त्याच्या बोटांतून माझ्या हातची झालर बाहेर आलेली. ते पोर बिचारं घाबरलं. त्याला वाटलं चोरीचा आळ येतोय.

मूठभर सापडल्या. काळ्या झालेल्या. चिठ्ठ्या दोन-तीनच शिल्लक.

बाईंना कुणी कळवलं नव्हतं. कचेरीनं त्यांना सांगितलं होतं की तुमचं रेकॉर्ड सुखरूप आहे, आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा त्या दसऱ्याला आल्या त्या आनंदातच. नव्या जागेत मला बघून म्हणाल्या, ताई, आज जेवल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला. मी कापडी पिशवी पुढे केली. त्यांनी एक पट्टी काढली, नाकाशी धरली, खिडकीपाशी नेऊन बघितली. मी म्हटलं, जरा धुऊन बघू का. म्हणाल्या, नको.

मग म्हणाल्या, "आता ही तेलाचं सांगेल, ताई. खळीचं न्हाय सांगायची."

माझी माहेरची बोली कधी त्यांच्या तोंडी आली नव्हती. त्या दिवशी आली.

साहेब सारखे म्हणत होते, मॅडम, पेटी बघून घ्या, काहीच हरवलेलं नाही. बाईंनी पेटी उघडवली. रजिस्टर कोरडं, जसंच्या तसं. पानापानावर आकडे, आणि शेवटचा रकाना मोकळा. बाईंनी पेन काढलं. साहेबांनी सुचवलं की आडवी रेघ मारून खाली एकदाच लिहिलं तरी चालेल. बाई म्हणाल्या, प्रत्येक पट्टी वेगळी होती, प्रत्येकीची वेगळी नोंद होईल.

मग त्या टेबलाशी बसल्या आणि मला नेहमीच्या जागी बसायला सांगितलं. मी नंबर वाचायचा, आणि काटा चढायचा तेवढा वेळ आम्ही सवयीनं थांबायचो. मग त्यांनी लिहायचं, नमुना उपलब्ध नाही. पुढचा नंबर. नमुना उपलब्ध नाही. अक्षर पहिल्या ओळीपासून सारखं, कुठे घाई नाही. दुपार तशीच गेली. साहेब दोनदा दारापर्यंत आले आणि परत गेले.

शेवटच्या पानावर शेवटचा नंबर राहिला तेव्हा माझं बोट त्याच्यावरच थांबलं. एकदा वाचला की बाईंना इकडे यायचं काही कारणच उरत नव्हतं, आणि ते दोघींनाही कळत होतं. बाईंनी मान वर केली नाही.

"वाचा ना, ताई," म्हणाल्या.

मी वाचला.