ती हिंदी बोलणारी बाई

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि बहिणीला तर मी लग्नाआधीच्या सगळ्या भानगडी सांगून बसलेय! पण हे नाही. सात-आठ वर्षं झाली. एक-दोनदा अगदी ओठांवर आलं होतं, पण समोर बसलेली माणसं पाहिली आणि गिळून टाकलं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बरं. की ओळखता? जालन्यात कधी थिएटरात पिक्चर पाहताना तुमचा मोबाईल अंधारात चमकला असेल, आणि मागून कुणी बाई म्हणाली असेल, "ओ भाऊ, ती बत्ती विझवा आधी" — तर ती मीच.

मला पिक्चरचं वेड आहे. माझं माहेर अंकुशनगरचं, वडील साखर कारखान्यात कामाला. लहानपणी गणपतीत मैदानात पांढरा पडदा बांधून पिक्चर दाखवायचे. आम्ही पोरी उशिरा पोचायचो, मग पडद्याच्या उलट्या बाजूला जागा मिळायची. तिकडून हिरो डावखुरा दिसायचा आणि नावं उलटी. तरी जागचं हलायचं नाही. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे — पिक्चर चालू असताना माणसानं फक्त पिक्चर पाहावा.

पण पाहतं कोण? एक जण पंधरा मिनिटं उशिरा येणार, मोबाईलची बॅटरी आपल्या डोळ्यांवर मारत खुर्ची शोधणार. दुसरा आधी पाहून आलेला असणार, आणि बायकोला सांगणार, "आता बघ, आता हा मरतो." अरे बाबा, मरू दे ना त्याला त्याच्या वेळेला! तिसऱ्याचं कुरकुरीत काहीतरी नेमकं रडायच्या सीनलाच फुटणार. आणि शेवटची नावं यायच्या आत सगळे दाराकडं — जसं काही बाहेर एसटी सुटून चाललीय. मी शेवटच्या नावापर्यंत बसते. झाडूवाल्या मावशी येतात, मला ओळखतात, माझ्या पायाखालचं शेवटी झाडतात.

माझ्या भाच्या माझ्याबरोबर यायला घाबरतात. "मामी, तू कुणाला बोलणार नसशील तर येतो," म्हणतात. मी म्हणते, बोलणार. का बोलू नये? चूक त्यांची, आणि गप्प मी बसायचं?

हे सगळं आधी सांगतेय, कारण — कारण मला वेळ काढायचाय, दुसरं काय. बरं, आता आत्याबाईंचं सांगते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. टेंभुर्णीला असतात, थोरल्या दिराकडं. शेतीचं घर. माझा नवरा बियाण्याच्या कंपनीत, म्हणून आम्ही जालन्यात. आत्याबाईंचा आवाज म्हणजे — शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचायला घडवलेला. आणि जीव तसाच मोकळा. टीव्हीवर मालिका लागली की त्या तिच्यातल्या माणसांशी बोलायच्या. "आगं, त्याचं काहून ऐकती? नवऱ्याला सांग सगळं!" जाहिरात लागली की त्या बाईला म्हणायच्या, "तुझे केस आधीच चांगले व्हते, माय." घरातली पोरं मालिका पाहत नव्हती, आत्याबाईंना पाहायची. मीही हसायचे. घरात बरं का. घरात.

त्या दिवाळीत टेंभुर्णीची सगळी मंडळी आमच्याकडं आली होती. एक मराठी पिक्चर लागला होता. मी त्याची चार महिने वाट पाहत होते, म्हणून सगळ्यांना घेऊन जायचं मीच ठरवलं. आम्ही दहा जण. नवऱ्यानं फोनवर तिकिटं काढली, तेव्हा नऊ खुर्च्या एका ओळीत मिळाल्या आणि एक दोन ओळी मागं, एकटी. "तिथं कोण बसंल?" म्हणाला. मी म्हणाले, मी बसते. सगळ्यांना वाटलं, केवढा त्याग! खरं सांगू? मला लॉटरी लागल्यासारखं झालं होतं.

दुपारचा शो. हॉल भरलेला. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदाच असल्या थंडगार थिएटरात आल्या होत्या. पिक्चर सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला दोन ओळी पुढून तो आवाज आला — "हा माणूस बरा न्हाई. मी सांगून ठेवते."

लोक हसले. माझे कान तापले. पाच मिनिटांनी पुन्हा — "आगं, चूल चालू ठिवून कुठं चालली?" पुन्हा हशा. माझ्या शेजारचा मुलगा मित्राला म्हणाला, "कोणाची म्हातारी आहे रे?" मी पडद्याकडं बघत राहिले. माझी आहे, असं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

मग तो सीन आला. मी ज्याच्यासाठी चार महिने थांबले होते तो. पळून जाऊन लग्न केलेली मुलगी किती वर्षांनी बापाच्या दारात येते. बाप ओसरीवर बसलेला. तो तिच्याकडं बघतो, आणि बोलत नाही. गाणं नाही, वाजवणं नाही. नुसता बाप बघतोय आणि लेक उभी. सगळा हॉल श्वास धरून — आणि आत्याबाई म्हणाल्या, चांगल्या खणखणीत आवाजात, "आरं बोल की मेल्या! लेकरू दारात उभंय!"

हॉल फुटला. शिट्ट्या, हसणं. माझा सीन गेला.

आणि मी बोलले. मराठीत नाही. मराठीत बोलले असते तर ओळखू आले असते — इतकी अक्कल शाबूत होती, हे लक्षात घ्या, भान सुटलं होतं असं मी म्हणू शकत नाही. नाकातून, बारीक आवाज काढून, मालिकेतल्या श्रीमंत बाईसारखं मी म्हणाले, "माताजी, ये आपका घर नहीं है. तमीज नहीं है तो बाहर जाइए."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? मला बरं वाटलं. अंधारात, त्या एकट्या खुर्चीत, मी खूश झाले.

दोन ओळी पुढं आत्याबाईंनी मागं वळून पाहिलं. अंधारात त्यांना काही दिसलं नसणार. मग त्यांनी पदराचा बोळा केला आणि तोंडावर धरला. पिक्चर संपेपर्यंत हात खाली आला नाही. मला मागून कोपर दिसत होतं. उरलेला अर्धा तास मी पडद्यापेक्षा ते कोपरच जास्त पाहिलं. पिक्चरचा शेवट काय झाला, हे मला नंतर बहिणीला विचारावं लागलं — मला!

घरी आल्यावर सगळं निघालं. थिएटरात त्या वेळी नवरा तर घोरत होता, दीर फोन आला म्हणून बाहेर गेलेले, म्हणून तिथल्या तिथं कुणी काही बोललं नव्हतं. जाऊबाईंनी सांगितलं तसे दीर उठूनच उभे राहिले. "आईची तमीज काढली? कोन व्हती ती? मला तिथंच काहून न्हाई सांगितलं?"

"हिंदीवाली व्हती," जाऊबाई म्हणाल्या. "पन मी म्हनते, हिंदीवाली मराठी पिक्चरला कशाला आल्ती?"

आमच्या जाऊबाई पोलिसात असत्या तर जिल्ह्यात एक चोर सुटला नसता. मी पटकन म्हणाले, "नवरा मराठी असेल तिचा."

"तुमी मागंच व्हत्या ना? तुमी पाह्यली का तिला?"

आता इथं मी थांबू शकले असते. अंधार होता, दिसली नाही, एवढं पुरलं असतं. पण मी म्हणाले, "पाहिली ना. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून. कापलेले केस, आणि डोक्यावर गॉगल."

गॉगल! थिएटरात! पण सगळ्यांना पटला. "तरीच," दीर म्हणाले.

त्या दिवसापासून ती बाई आमच्या घरात राहायलाच आली. कुठलं लग्न असो, बारसं असो, आत्याबाईंच्या त्या पिक्चरची गोष्ट निघते, आणि ती बाई आली नाही असं होत नाही. पुढं तिला लिपस्टिक मिळाली. मग एक कुत्रं मिळालं, घरी ठेवलेलं — ते कुठून आलं, मला माहीत नाही, कुत्रं माझं नाही. वाटूरच्या चुलत सासऱ्यांनी तर ठाम सांगितलं की असल्या बायकांचा संसार टिकत नाही. आणि त्या बाईला सगळ्यांत जास्त शिव्या कोण घालतं? मी. "माणसाला जरा तरी रीत पाहिजे," मी म्हणते. लोक माना डोलावतात. सासूची बाजू घेणारी सून म्हणून माझं नाव झालंय आमच्या भावकीत. नव्या सुनांना माझं उदाहरण देतात.

इथपर्यंत गंमत आहे. मलाही हसू येतं.

पण आत्याबाई पुन्हा थिएटरात आल्या नाहीत. "डोळे दुखतात," म्हणायच्या. ते एक वेळ ठीक. पण पुढच्या उन्हाळ्यात टेंभुर्णीला गेले, तर टीव्ही चालू होता, आत्याबाई समोर बसलेल्या, आणि तोंडावर पदर. स्वतःच्या घरात. मालिकेतली ती बाई नको त्याच्यावर विश्वास ठेवत होती, आणि तिला सांगायला कुणी नव्हतं. पोरं आपापल्या मोबाईलमध्ये. मला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. नाही बोलल्या. जाहिरात लागली. तरी नाही.

आणि तुम्हाला म्हणून सांगते — त्या बापाच्या सीनला त्या जे बोलल्या ना, तेच सगळ्या हॉलच्या मनात होतं. माझ्यासुद्धा. बोल की मेल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. महिनाभर आमच्याकडं होत्या. सगळं लख्ख दिसायला लागलं म्हणून खूश. माझ्याकडं निरखून म्हणाल्या, "तू म्हातारी झाली की गं!" मी म्हणाले, "चला आत्याबाई, नव्या डोळ्यांनी पिक्चर पाहू."

"नगं माय," त्या म्हणाल्या. "मला बोलल्याबिगर राहवत न्हाई. लोकायला तरास."

तरी नेलं. मंगळवारी दुपारी, हॉलमध्ये आठ-दहा टाळकी. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच त्यांनी पदर तोंडाशी नेला. मी बघत राहिले. पडद्यावर एक गोड बोलणारा वकील आला, चेहऱ्यावरूनच लबाड. आत्याबाई गप्प.

मग मीच म्हणाले, मोठ्यानं, "हा माणूस बरा नाही हो, आत्याबाई."

त्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. पदर तोंडावर तसाच. थोड्या वेळानं मी पुन्हा — "अगं, त्या कागदावर सही नको करू!" आयुष्यात पहिल्यांदा मी थिएटरात पडद्याशी बोलत होते. माझीच मला लाज वाटत होती, आणि मी बोलत होते. तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा मागून एक गृहस्थ म्हणाले, "ओ ताई, जरा हळू." बिचारे अगदी सभ्यपणे म्हणाले. मी त्यांच्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते.

आत्याबाईंच्या हातातला पदर सुटला. त्या खुर्चीत अख्ख्या मागं वळल्या. "काहून हळू? माझी सून हाय ती. बोलंल! फुकट बसली का? तुमाला ऐकू येत आसंल तर कापूस घाला कानात!"

"आजी, मी तसं नाही —"

"मंग कसं? तो वकील तिची जमीन खाऊन राह्यला, आन् तुमी माझ्या सुनंला गप्प करता? त्याला करा ना!"

ते गृहस्थ उठले आणि पार पहिल्या ओळीत जाऊन बसले. त्यानंतर आत्याबाई सुटल्या. सहा-सात वर्षांचं साचलेलं. वकिलाला, त्याच्या बायकोला, न्यायाधीशाला, कुणाला सोडलं नाही. मध्यंतरात त्यांचं चालूच होतं. त्यांच्या नादात मलाही तो पिक्चर नीट कळला नाही, आणि इतका चांगला पिक्चर मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. शेवटची नावं येईपर्यंत आम्ही दोघी बसलो. ती नावं वाचता येत नाहीत म्हणून आत्याबाईंनी मला एकेक वाचायला लावली.

बाहेर ऊन रणरणत होतं. आत्याबाई माझा हात धरून पायऱ्या उतरल्या. अजून हसत होत्या. मग खालच्या पायरीवर थांबल्या, दम घेतला, आणि म्हणाल्या, "तू जवळ व्हती म्हनून बोलले बघ मी. त्या टायमाला तू माझ्याजवळ बसली असती, तर त्या बाईची काय टाप व्हती मला तसं बोलायची?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या नव्या, स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडंच बघत होत्या.

"बिलकुल नव्हती, आत्याबाई," मी म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.