वैशालीकडं ट्रान्सफर केलेला कॉल

भुतंखेतं, चकवा, असलं काही मी मानत नाही. आमच्या पेठ वडगावात कुणी असलं सांगायला लागलं की तोंडावर हसणारी मी! तरीही हे लिहितेय...

कोल्हापुरात शिरोली नाक्याजवळ एका टीव्ही कंपनीच्या कॉल सेंटरला मी कामाला होते. तिसरा मजला, चाळीस खुर्च्या. शेजारच्या खुर्चीत वैशाली. आम्ही दोघी वडगावातून एकाच गाडीवर यायचो.

त्या मंगळवारी पुण्याहून एचआरचे साहेब आले. रिस्ट्रक्चरिंग म्हणे! सेंटर बंद, फक्त सहा जणांना दुसऱ्या ऑफिसात घेणार. बाकीच्यांना एकेक करून ट्रेनिंग रूममध्ये बोलवायचं आणि हातात पत्र द्यायचं. आणि नंबर लागेपर्यंत आम्ही कॉल घेत राहायचं — निर्लज्जपणा बघा!

अकराच्या सुमारास संदीपला एक कॉल आला. आधी कुकरची शिट्टी, मग एका म्हाताऱ्याचा आवाज — "जेवलासा काय?" बस्स, कट. लगेच संदीपला आत बोलावलं. मग तोच कॉल स्वातीला. स्वाती आत. पाचव्या माणसापर्यंत आख्ख्या फ्लोअरला कळून चुकलं. शिट्टी ज्याच्या कानात, तो गेलाच.

सव्वाबाराला माझ्या हेडफोनमध्ये शिट्टी वाजली.

माझं लग्न ठरलेलं, आणि पाहुण्यांनी नोकरी बघूनच होकार दिलेला. म्हातारा बोलायच्या आत मी ट्रान्सफर दाबलं. वैशालीकडं. भांडखोर कस्टमर आला की मी कायम तिच्याकडंच टाकायची, त्यामुळं बोट आपोआप गेलं... खोटं कशाला बोलू, आपोआप नाही गेलं.

ती हसत म्हणाली, "न्हाय ओ काका, अजून न्हाय जेवले. तुमचं झालं?"

दोन मिनिटांत तिला आत बोलावलं. नवरा अपघातानंतर घरात बसून, घर तिच्याच पगारावर. मला सगळं माहीत होतं की! संध्याकाळी गाडीवर माझ्या मागं बसून रडली, आणि वर मलाच म्हणते, "तुझी तरी वाचली बघ. एकीचं तरी बरं झालं."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर काढलेल्यांची यादी दिसली. छापलेलं माझं नाव पेनानं खोडून वर वैशालीचं लिहिलेलं. विचारलं, तर साहेबच गोंधळले. "अक्षर माझंच आहे," म्हणाले, "पण हे मी लिहिलं कधी?" कॉलचं रेकॉर्डिंगही ऐकलं. त्यात म्हातारा नाही, शिट्टी नाही... नुसती वैशाली बोलतेय.

वर्ष झालं. तो कोण होता, कुणालाच सांगता येत नाही. वैशालीचा अजून फोन येतो, "तुमच्यात जागा निघाली तर सांग गं." मी म्हणते, "व्हय, सांगते की." लाज वाटते, खूप वाटते. पण उद्या तो कॉल परत आला, तर मी परत ट्रान्सफरच दाबेन.