कोपऱ्यावरचं घर मी दाखवलं

एका नमस्कारापायी मी शेजाऱ्याचं घर दाखवून दिलं. वर चहा माझाच, चिवडाही माझाच; म्हणजे मूर्खपणासुद्धा पदरमोड करून केला.

तीन वर्षं झाली. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची नादान पोट्टी होते. तात्यापारा म्हणजे हिंदी मुलखातली आमची जुनी मराठी वस्ती; तिथं आमच्या गल्लीत चार तरुण वही घेऊन आले. ‘बाहेरून आलेले’ लोक शोधून राहिले होते. म्हणजे कोणते लोक, ते अख्ख्या गल्लीला कळत होतं, मलाही. पण त्यांचा म्होरक्या माझ्या पायांशी वाकला. “माताजी, आप तो यहाँ की सबसे पुरानी हैं. आपसे क्या छुपा है?”

झालं, बाई विरघळली.

“आमचं घराणं मराठ्यांच्या फौजेसोबत नागपूरहून आलं,” मी ऐटीत सांगितलं. घोड्यावरून आलेले आम्ही इथले आणि रेल्वेचं तिकीट काढून आलेले बाहेरचे, हे तेव्हा मला अगदी रास्त वाटलं.

मग एकेक घर उलगडलं. कोपऱ्यावर साड्यांवर जरीकाम करणारा बाप आणि त्याची बी.कॉम. झालेली मुलगी. मुसलमान. बापाचे वडील बंगालकडून आलेले. तिथं तरी थांबावं? “घरात आपसांत बंगालीच बोलतात,” असंही जोडलं. एक जण वहीत लिहून घेत होता, आणि माझं बोलणं कुणी लिहून घेतलं की मला फार थोर वाटतं.

आठवड्यात पोलिसांत तक्रार गेली, की कोपऱ्यावरचे ‘बाहेरून आलेले’ आहेत. मुलीला नोकरी नव्हती, बेरोजगारी भत्ता मिळायचा. तिचं रहिवासी प्रमाणपत्र चौकशीत अडकलं आणि भत्ता बंद झाला. बापाला ठाण्यात बोलावलं. चार दिवसांनी सुटून कामावर गेला, तर दुकानदारानं हात जोडले, “भैया, अभी मत आओ. माहौल ठीक नहीं है.” घरात एक बेकार होतं, माझ्या कृपेनं दोन झाले.

मी म्होरक्याकडे गेले. म्हटलं, “अरे बाबा, तो इथंच जन्मला. मी लग्न होऊन आले तेव्हा गल्लीत उघडा हिंडून राहिला होता.” म्हणजे या गल्लीत तो माझ्याही आधीचा. चिवडा वाढताना हे सुचलं नाही.

म्होरक्या पुन्हा पाया पडला. “माताजी, हमने तो वही लिखा जो आपने बताया. और हाँ, इतवार को बुजुर्गों का सम्मान है. शाल ओढ़ाएँगे. आना ही है आपको.”

कोणती साडी नेसावी, याचा मी विचार केला. क्षणभरच, पण केला.

गेले नाही. रविवारी शिऱ्याचा डबा भरून कोपऱ्यावर गेले. दार मुलीनं उघडलं. आत बाप भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“मी काही वाईट मनानं नव्हतं सांगितलं वं,” मी म्हटलं.

आमच्या अंगणात खेळून मराठी शिकलेली ही पोट्टी उत्तर मात्र नेहमी हिंदीत द्यायची. त्या दिवशी तिनं डब्याला हात लावला नाही, आणि मला नीट समजावं म्हणून मराठीत बोलली:

“आजी, डबा घेऊन जा. उद्या कोणी विचारलं का आमच्या घरी कोण येते, तर मले तुमचं नाव सांगा लागंन.”