सहाव्या झाडाची पाटी

आमच्या आत्याच्या पायाला भिंगरी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या रविवारी तिने अगदी कळस केला. नदीकाठची बाग सांभाळणाऱ्या आमच्या संस्थेचा सभासद मेळावा दहाला, आणि ही सातलाच शेडमध्ये हजर. खुर्च्या मांडल्या, पुसल्या, उचलून पुन्हा दुसरीकडे मांडल्या. चहाच्या पिंपाचं झाकण चारदा उघडून पाहिलं. मी म्हटलं, बाई गं, एका जागी बस, तुझ्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय. ती बाहेर गेली, सहाव्या झाडापर्यंत जाऊन आली आणि परत खुर्च्यांच्या मागे लागली.

सगळी घालमेल त्या सहाव्या झाडापायी होती.

आत्या पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, भिंतीवरच्या जाहिराती, चाळीस वर्षं हेच केलं. आजोबांचा ब्रश तिच्याकडे आला, कारण माझ्या बाबांना रंगाच्या वासाने मळमळायचं. शिडीवर चढलेली बाई बघायला लोक थांबायचे, तेव्हा ही वरूनच सांगायची, थांबलाच आहात तर जरा शिडी धरा. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, राहूनच गेलं.

आमचे सभासद आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने बागेत झाड लावतात. आत्या पत्र्यावर नाव रंगवते आणि ती पाटी बुंध्याशी सळई रोवून तिच्यावर बसवते. अशी चाळीस झाडं झाली होती. कुठलं कोणाचं याचा नकाशा काढून ठेवू, असं मी दरवर्षी म्हणायचे. मी दवाखान्यात नोंदी ठेवते, कागदावर उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण आत्या कपाळावर बोट आपटून म्हणायची, सगळं इथे आहे. आणि खरंच असायचं, त्यामुळे माझं तोंड बंद.

गेल्या वर्षी नदी बागेत शिरली. पाणी ओसरलं तेव्हा सळया उपटलेल्या आणि पाट्या कुंपणाच्या जाळीत अडकलेल्या. आत्याने त्या गोळा केल्या, धुतल्या, नव्याने रंगवल्या आणि आठवणीवरून एकेक परत लावत गेली. अडतीस झाडं तिने झोपेतसुद्धा ओळखली असती. घोळ झाला तो शेजारशेजारच्या दोन झाडांचा. एकाच जातीची, एकाच दिवशी लावलेली. त्यातलं एक वाहून गेलं होतं, आणि काठ असा खचला होता की कुठलं गेलं आणि कुठलं राहिलं हे सांगणारी खूणच उरली नव्हती. एक होतं गावात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या बायकोचं. दुसरं एका नर्सच्या बहिणीचं. ही नर्स झाड लावून जी दूरच्या शहरात नोकरीला गेली, ती अकरा वर्षांत इकडे फिरकली नव्हती. घड्याळजी मात्र रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचे. आत्याने उरलेल्या, म्हणजे रांगेतल्या सहाव्या झाडाला घड्याळजींच्या बायकोची पाटी लावली आणि दुसरी पाटी घरी रंगाच्या कपाटात ठेवून दिली.

घड्याळजी आले, मान वाकडी करून बघत राहिले. म्हणाले, "मला आपलं वाटत होतं की आमचं जरा उजवीकडे होतं. पण पाटी तुम्ही लावलीत, म्हणजे बरोबरच असणार."

 ते वाक्य आत्याला वर्षभर कुरतडत राहिलं.

मेळाव्याच्या आठवडाभर आधी नर्सचा फोन आला. आता निवृत्त झालेय, येतेय, बहिणीचं झाड बघायचंय. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी तिला सरळ मार्ग सांगितला: तुमचं झाड पुरात गेलं म्हणून सांग, नवं रोप लावून देऊ. तसं ते फारसं खोटंही नाही. ब्रश धुता धुता आत्याने मला विचारलं, "आणि त्यांचं गेलंच नसेल तर?"

मला रागच आला. एका झाडापायी ही बाई चाळीस वर्षं कमावलेलं नाव घालवायला निघाली होती.

मेळाव्यात सत्तर खुर्च्या होत्या, पण नर्स येऊन बसली ती नेमकी घड्याळजींच्या शेजारी. ठेंगणीशी बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत झाडाला घालायला घरून आणलेली पाण्याची बाटली.  अध्यक्षांचं भाषण संपता संपेना. आत्या तेवढ्यात तीनदा उठून बसली. मग झाडांचा अहवाल आला. दरवर्षी आत्या दोन वाक्यांत उरकते, सगळी झाडं बरी आहेत, पाट्या जागेवर आहेत.

या वेळी तिने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि सगळं सांगून टाकलं. पाटी घड्याळजींना का दिली तेही सांगितलं. ते रोज येणार, रोज विचारणार. दुसऱ्या झाडाचं विचारायला कोणी नव्हतं. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली, "आणि मी माहीत असल्यासारखं दाखवलं."

 घड्याळजी उठले. 

"वर्षभर रोज येऊन मी बोलत होतो ते कोणाशी?"

 मी जमिनीकडे बघत बसले. आणि मग नर्स बसल्या जागेवरूनच, हळू आवाजात बोलली.

"माझ्या बहिणीशी बोलत असाल तर बरंच झालं. अकरा वर्षांत आमच्यातलं कोणी तिच्याशी बोलायला आलं नाही."

घड्याळजी तिच्याकडे वळले. पुटपुटले की विशेष काही नाही, आज कुठली घड्याळं आली, गुडघा कसा दुखतोय, असलंच काहीबाही. नर्स म्हणाली, मग ती असेल तर तिने तुम्हाला धड बोलू दिलं नसणार. मेळावा चालू असतानाच दोघं उठून झाडाकडे गेली. जाताना घड्याळजींनी आत्याकडे पाहिलंही नाही. पुढे महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि आत्या म्हणाली, बरोबर आहे त्यांचं.

त्या दिवशी मात्र लोक पांगले तरी ती खुर्चीत तशीच बसून होती. हात मांडीवर, पाय जमिनीवर, हलायचं नाव नाही. मला खरंच भीती वाटली. मी चहा नेऊन दिला, तो तिने बाजूला ठेवला.

"वही आण," ती म्हणाली. "लिहून घे."

पहिल्यापासून पाचव्यापर्यंतची नावं तिने न अडखळता सांगितली. मग थांबली, बाहेर बघितलं.

"सहावं. कोणाचं ते माहीत नाही."

मी तसंच लिहिलं.